पाठीवर डबा बांधून कौंडण्यपूरच्या नदीत

आमच्या गावात पोहाले शिकवाचं तर पोट्ट्याच्या पाठीले रिकामा डबा बांधत अन् नदीत सोडत. माह्या दोन्ही भावांले बांधला. मले म्हनत, "तू काठावर बस, कपडे सांभाय." साठी उलटली, तरी ते मनातून गेलं नाई. आमचे हे गेल्यापासून तर घरचे मले लोनच्याच्या बरनीवानी जपतात. मंग म्हटलं, गुडघे चालून राहिले तोवर एकडाव तरंगाचंच.

पोरगा म्हने, "आई, वय पाय ना!"

"पायलं, म्हनूनच आत्ता चालली."

सोबत शहनाज. जठारपेठेत माह्या बाजूलेच राहते, कपडे शिवते. साडी पायात गुंतते म्हनून तिनं मले मस्त घेरदार सलवार शिवून देली. सकायी अकोल्याहून एसटी धरली. बायांले अर्धं तिकीट, ध्यानात ठेवा. पिशवीतला डबा पाहून कंडक्टर म्हने, "आजी, तेल न्याले चालल्या काय?"

"नाई बापा, डबाच मले नेऊन राहिला."

अमरावतीले उतरून गिला वडा खाल्ला. दही दुसऱ्यांदा मागा, लाजू नका. तिथून आर्वीकडची गाडी. दोन्ही बाजूनं कपाशी फुटलेली. कौंडण्यपूर म्हंजे रुक्मिणीचं माहेर. देवळात हात जोडून शहनाजले सांगतलं, "हे पोरगी लग्नाच्या टायमाले रथात बसून पयाली."

"तो फिर तुझे कौन रोक रहा? चल!"

घाटावर बाया तांब्यानं डोक्यावर पानी घेत होत्या. कमलाबाई तिथली भोईन, मासे धरते. पानी कुठं उथळ, कुठं डोह, हे अशा मानसालेच इचारा. एकट्यानं उतरू नका. तिनं डबा करकचून बांधला अन् मले कमरेभर पान्यात नेलं. मी पाय उचलले, तशी सलवारीत हवा भरली. पाय वर, तोंड पान्यात!

शहनाज काठावरून वरडे, "अगे मेरी माँ, गुब्बारा हो गई!"

कमलाबाईनं मले धरून उभं केलं. नाकातोंडात पानी, खोकला थांबेना. शहनाज म्हने, "बस हुआ, घर चल." पन आता निंगाली असती तर पुन्हा आलीच नसती.

"कमलाबाई, ह्या सलवारीची हवा काढा."

तिनं सलवार दाबून हवा काढली, गुडघ्याले दोरी बांधली. पोटाखाली हात देल्ला. मी हात मारले, पाय मारले.

"आता सोडा मले," म्हटलं.

सोडलं तिनं. अन् तरंगली ना वं बाई मी! पाय जमिनीले नाई, कोनाचा हात नाई. घाटावर एका बुढीनं तांब्या बाजूले ठेवला अन् इचारलं, "तुमचं झालं का थो डबा मले देता काय?"

घरी आली. खांदे दुखून राहिले, कानात पानी डुगडुगते. पोरानं इचारलं, "भेव नाई वाटलं?"

वाटलं ना, लय वाटलं. पन थे भेव माह्या सोताचं होतं. आजवर काठावर बसली, थे दुसऱ्याच्या भेवानं.