इंदूआक्कांचं गुऱ्हाळ

शोभाताई डेकोरेशनवालीनं इंदूआक्कांना फसवलं. लेकीच्या रुखवतात मांडायला म्हणून तिनं आक्कांनी फळीवर मांडून केलेलं छोटं गुऱ्हाळ मागून नेलं, आणि लेक सासरी गेल्यावर तेच गुऱ्हाळ लग्नालग्नांत भाड्यानं फिरवलं. आक्का आता नाहीत. शोभाताई मात्र आजही गल्लीत सांगत फिरते की सुनंदानं माझा माल दाबला. ती सुनंदा मी. लेस, लोकर, मणी विकणारी बाई. लिहिणं माझं काम नाही. पण ज्यांनी आक्कांना पाहिलं नाही त्यांना शोभाताईचंच खरं वाटायचं, म्हणून लिहिते.

माझं दुकान महाद्वार रोडच्या मागच्या बोळात आहे. त्याआधी मी एसटी स्टँडजवळ टोपलीत हुक आणि बटणं घेऊन बसायची. टोपलीतून दुकानात आलेल्या बाईला एक गोष्ट पक्की कळलेली असते: माल तोडून द्यायचा नाही. लोकर हवी तर अख्खा गुंडा. एका सकाळी उंच, सावळी, खांद्याला कापडी पिशवी अडकवलेली बाई आली आणि म्हणाली, "लाल लोकर पायजे. पण कोंबड्याच्या तुऱ्यापुरती."

"अख्खा गुंडा घ्यावा लागेल."

"अख्ख्या गुंड्याचं काय करू? कोंबड्याला शेपटापतूर तुरा लावू?"

"मग दुसरं काहीतरी लाल करा."

"ते अजून सुचलं न्हाय. सुचलं की यीन." असं म्हणून बाई जायच्याऐवजी दुकानाच्या पायरीवर बसल्या. "बोहनी झाली का गं तुजी?"

"नाही."

"मग पैलं गिऱ्हाईक मोकळ्या हातानं लावून देतीस व्हय? दे की लावून. दिवसभर माशा मार."

मी चिडले, दोनचार शब्द बोललेही. बाई पायरीवरच. मागनं दुसरं गिऱ्हाईक आलं तर त्याला म्हणाल्या, "पावणं, जरा थांबा, हितं बोहनी अडलीया." शेवटी मी कात्री उचलली. माझ्या दुकानात गुंडा कापायला लावणारी ती पहिली बाई म्हणजे इंदूआक्का. पुढं मी काउंटरखाली त्यांच्यासाठी एक खोकं ठेवलं. उरलेली लेस, सुटे मणी, लोकरीचे तुकडे सगळं त्यात पडायचं, आणि आक्का आल्या की ते खोकं मांडीवर घेऊन कोंबडीगत उकरत बसायच्या.

आक्का कोडोलीच्या. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून नोकरी केली, निवृत्त झाल्या, तरी गल्ली त्यांना 'सिस्टर'च म्हणायची. मालक आधीच गेले होते. मुलगा मिलिंद कागलच्या एमआयडीसीत कामाला, रोज जाऊन येऊन. दिवसभर घरात आक्का आणि त्यांचे नाद. नाद एक असता तर ठीक. खुर्चीवर अर्धी विणलेली पिशवी, खिडकीत वाळत घातलेली रंगवलेली काच, बेंदूर जवळ आला की गच्चीच्या कठड्यावर मातीच्या बैलांची रांग. वाकळ टाचायला घेतलेली असायची, त्याच वाकळेवर बसून त्या पत्र्याच्या डब्यावर मोर काढायच्या. चहाच्या डब्याशेजारी टर्पेंटाइनची बाटली. त्यांच्या घरच्या चहाला जो वास यायचा त्यासकट तो चहा मी निमूट पीत आले.

चहा संपेपर्यंत बाई चारदा उठायची. काच वाळली का बघ, बैलाला भेग गेली का बघ. मी म्हणायची, "आक्का, एक काहीतरी धरून बसा की."

"एका जागी बसायला मी काय पाटा हाय?" आणि मग ठरलेलं वाक्य, "हात रिकामा ऱ्हायला की डोकं आंबतं, सुनंदे."

कुठंही बसल्या तरी हात चालू. बसमध्ये तिकिटाचं फूल, दवाखान्यात औषधाच्या खोक्याचं घर. मोबाईलवर शिकवणारी कुणी बाई लावायच्या आणि तिच्याशीच भांडायच्या, "आगं किती बोलशील, हात दाखव, हात!" कागदाच्या गुंडाळ्यांची नक्षी करायचं वेड आलं ते आठवड्यात गेलं, म्हणाल्या, "ह्या कागदाच्या जिलब्या. खाता बी येत न्हाईत." चित्रांचं वेड मात्र टिकलं. एकदा त्यांना म्हैस काढायची होती म्हणून मी काळ्या रंगाची ट्यूब पुढं केली. त्यांनी ती परत सरकवली. "म्हस काळी कुठं असती? सकाळचं धार काढताना बघ जाऊन. जांभळी असती." मी गेले नाही, मला दुकान उघडायचं होतं. पण त्या चित्रातली म्हैस जांभळी होती आणि म्हैसच होती.

आमचं भांडण व्हायचं ते वेगळ्या कारणावरून. एखादी वस्तू पुरी झाली की आक्कांना ती घरात बघवायची नाही. "झालं की ते शिळं," म्हणायच्या आणि जो पहिला दारात येईल त्याच्या हातात द्यायच्या. दूधवाल्याला तोरण, गॅसवाल्याला बैलजोडी. मला ते बघून आग लागायची. मी एकदा सरळ सांगितलं, "माझ्या दुकानात मांडा. मी विकते. चांगला भाव आणते."

"हौसंला भाव लावला की तिची नोकरी हुती. नोकरी करून झाली माजी."

"फुकट दिलेल्या वस्तूची किंमत राहत नाही, आक्का."

"तुज्या दुकानात ठिवलं की गिऱ्हाईक म्हणणार, हेच निळ्यात करून द्या. मला निळा यायचा असंल तवा येतोय. तुज्या गिऱ्हाइकाला इचारून न्हाय येत."

त्या दिवशी मी पाय आपटत परत आले. पुढचे काही दिवस खोकंही काढलं नाही. त्याच मग आल्या, काउंटरच्या आत येऊन स्वतःच खोकं ओढलं आणि म्हणाल्या, "राग करून झाला असंल तर हिरवी लोकर दे. ऊस करायचाय."

तो ऊस म्हणजेच हे गुऱ्हाळ. रुंद फळीवर त्यांनी आख्खं गुऱ्हाळघर उभं केलं. हिरव्या लोकरीचा ऊस, मातीचे बैल, काड्यापेटीच्या काड्यांचा घाणा, रस आटवायची डब्याच्या पत्र्याची काहील, तिच्याखाली जाळाचं चुलवाण, सुतळी पिंजून केलेला चिपाडाचा ढीग, कापडाची माणसं, मागं रंगवलेलं आभाळ. त्यांना येत होते तेवढे सगळे नाद त्या एका फळीवर एकत्र आले होते. आणि ही एकच वस्तू त्यांनी रेंगाळत केली. पुरं होत आलं की काहीतरी उसवायच्या, पुन्हा टाचायच्या. माझ्या लक्षात आलं होतं, पण मी विचारलं नाही.

ते शोभाताईनं बघितलं. आली, गोड बोलली, "सिस्टर, लेकीचं लग्न हाय. रुखवतात हे असलं तर पाहुण्यांत मान राहील." आक्कांनी फळी उचलून दिली. मी म्हटलं, "लग्न झाल्यावर परत आणून द्यायला सांगा." आक्का म्हणाल्या, "दिलं ते दिलं. आहेर हाय त्यो."

आहेर लेकीला दिला होता. धंद्याला नाही.

पुढं माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या मुलीचं लग्न कागलला होतं. आक्कांना घेऊन गेले. हॉलमध्ये शिरलो तर रुखवताच्या टेबलावर मधोमध गुऱ्हाळ, आणि पुढं कार्ड उभं केलेलं, वधूनं स्वतःच्या हातानं केलेलं म्हणून. मुलीची मावशी पाहुण्यांना सांगत होती की पोरीनं परीक्षेचा अभ्यास सांभाळून केलंय हो सगळं. माझं डोकं सटकलं. शोभाताई स्टेजजवळ फुलं लावत होती. मी तिथंच गाठली.

"शोभाताई, ते गुऱ्हाळ कुणाचं?"

"भाडं भरलंय त्यांचं."

"केलंय कुणी?"

"ताई, रुखवतात असं कुणी इचारतं का? सगळ्यांचंच असं असतंय."

मी आवाज चढवणार तेवढ्यात आक्कांनी माझा पदर धरला आणि ओढत पंगतीकडं नेलं. "जेवायला आलोय की भांडायला? चल, जिलबी संपंल." वर हसत होत्या. "बघ तरी, किती पोरींच्या नावानं मांडवात बसतंय ते. मी एकदाच लगीन केलं, ते बी पांढऱ्या साडीत, बुद्धमूर्तीम्होरं, दोन हारांत. आमचं कुठलं आलंय रुखवत!"

परत येताना एसटीत त्यांनी तिकिटाचं फूलही केलं नाही. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "बैलाचं शिंग मोडलंय. कुणीतरी उलटं चिकटवलंय. नीट तरी लावायचं." मी म्हटलं, जाऊन मागते. त्या म्हणाल्या, "गप." त्या 'गप'मध्ये हसू नव्हतं.

मग त्यांना झटका आला आणि उजवी बाजू गेली. बोलणं जड झालं, पण कळायचं. ज्या बाईला चहा संपेपर्यंत बसवत नव्हतं तिला पलंगावर पडून छत बघावं लागलं. डावा हात मात्र थांबेना. चादरीचे धागे ओढून ओढून त्यांनी काठाला झालरी केल्या. व्यायाम शिकवणाऱ्या पोरीनं रबरी चेंडू दिला, हातात धरायला. आक्का तिला म्हणाल्या, "ह्यो दाबून शेवटाला काय तयार हुतंय?" 

एक दिवस मला म्हणाल्या, "माजं कायतर एक आण. बघू दे." मी घर बघितलं. मिलिंदनं कपाटं उघडली, माळा बघितला. त्या घरात आक्कांनी केलेली एकही वस्तू नव्हती. वाळलेले ब्रश होते, रिकामे डबे होते. मी गल्लीत फिरले. एका घरातलं तोरण विटलं म्हणून टाकलं होतं. बैल नातवानं फोडले होते. म्हशीचं चित्र पाहुण्यांना आवडलं म्हणून त्यांच्या गाडीत गेलं होतं. कुणी वाईट नव्हतं. फुकट आलेलं असंच जातं. धडधाकट उरलं होतं ते फक्त गुऱ्हाळ, कारण ते कमाई करत होतं.

मी शोभाताईकडं गेले. आक्कांना दाखवायचंय म्हटलं. ती म्हणाली, "डिपॉझिट आणि भाडं द्या. धंदा हाय ताई. तुम्ही तरी फुकट लोकर देता का?"

ते मला लागलं, पण मी धंदेवाली आहे, धंद्याच्याच भाषेत बोलले. मुहूर्त नसलेल्या दिवशी तुझं रुखवत खोक्यात पडून असतं, तेव्हा कसलं पूर्ण भाडं? शिंग मोडलंय, घाणा कललाय, असल्या मालाचं डिपॉझिट कसलं? तासभर भांडून मी तिला खाली आणलं. आक्कांची वस्तू आक्कांनाच दाखवायला भाड्यानं घेऊन रिक्षात मांडीवर धरून आणली.

पलंगाला टेकून आक्का बसल्या. फळी पुढं ठेवली. त्यांनी एकेका बैलावरनं नजर फिरवली. मग म्हणाल्या, "बैल बरं जमल्यात. घाणा वाकडा हाय." डावा हात पुढं गेला आणि चुलवाणाशी थांबला. तिथं एक कापडी माणूस होता, आपल्याकडं पाठ करून उकिडवा, चुलवाणात चिपाड सारणारा. ते गुऱ्हाळ मी कितीदा पाहिलं होतं. मला तो गडी वाटायचा.

"ह्यो माजा बा," आक्का म्हणाल्या. "हंगामभर जाळ घालायचा. तोंड कायम जाळाकडं. मी भाकरी घिऊन जायचो तर त्याची पाठच दिसायची." मग म्हणाल्या, "कातर आण."

माझ्या तोंडातून गेलं, "आक्का, ते भाड्याचं आहे."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मग? बा बी भाड्याचा?"

मी कात्री आणली. मला फक्त फळी धरायला सांगितली. बाकी त्यांनीच केलं, डाव्या हातानं, एकेक टाका शोधत. मी मदतीला बोट लावलं की खेकसायच्या, "हात काढ!" कात्री घसरायची, त्या पुन्हा धरायच्या. दुपार सगळी त्यात गेली. शेवटी तो माणूस सुटला. आक्कांनी त्याला चुलवाणापासून लांब नेलं आणि चिपाडाच्या ढिगाला टेकवून बसवलं, तोंड आपल्याकडं. तोंड नव्हतंच. नुसतं कोरं कापड. पाठमोऱ्या माणसाला कशाला लागतंय?

"रंग," आक्का म्हणाल्या.

मिलिंदनं ब्रश भिजवून त्यांच्या डाव्या हातात दिला. एक डोळा वर गेला, एक खाली आला, ओठ गालापर्यंत पसरले. आक्का बघत राहिल्या. "बसला एकदाचा," म्हणाल्या. मी फळी उचलायला गेले, परत नेऊन द्यायची होती ना. आक्कांनी हात आडवा घातला. "ऱ्हाऊ दे हितंच."

मी त्यांना ओळखत होते तेवढ्या सगळ्या वर्षांत आक्कांनी स्वतःजवळ ठेवून घेतलेली ती एकच वस्तू. त्या गेल्या तेव्हा ती उशाशी होती.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो न होतो तोच शोभाताईचा माणूस आला. डिपॉझिट बुडालं, वर नुकसानभरपाई द्या, म्हणे. मूर्ती जागची हलवलीय, तोंड विद्रूप केलंय, आता गिऱ्हाईक हे घेणार नाही. डिपॉझिट तिनं खुशाल ठेवावं. गुऱ्हाळ मिलिंदनं माझ्या हवाली केलंय आणि ते माझ्या दुकानात, गल्ल्यामागच्या फळीवर आहे. ते मी देत नाही.

शोभाताईला माझं एवढंच सांगणं आहे. लपूनछपून गल्लीत बोलू नकोस, भर दुपारी माझ्या दुकानात ये. चार बायका उभ्या असताना त्या चिपाडाला टेकलेल्या माणसाकडं बोट दाखव आणि त्याचं नाव सांग. मला ते माहीत आहे, मी आक्कांना विचारून घेतलंय. तुझा माल आहे ना? मग तुलाही माहीत असणार. नाव सांगितलंस तर मी ही फळी माझ्या डोक्यावरून तुझ्या दारात आणून ठेवते, भरपाईसकट. नाही सांगता आलं, तर इतक्या मांडवांत त्याला कुणाकुणाच्या नावानं जाळ घालायला बसवलंस, ते तिथंच उभं राहून सांग.