बुडख्यात मीठ भरू नका

मंडळी, आज सकाळी शेजारच्या सुनीताने कुंपणावरून विचारलं, "काका, चिंचेचा बुडखा मरतच नाही. मीठ भरू का?" मी तिच्यावर ओरडलोच. बिचारी घाबरली.

ऐंशी सालाच्या आसपास आमच्या वाडीतल्या दोन चिंचा तोडल्या, पण बुडखे पुन्हा पुन्हा फुटायचे. बाबांनी मिठागरावरून पोतंभर मीठ आणलं आणि बुडख्यांना भोकं पाडून त्यांत ठासलं. बुडखे मेले.

पावसाळा संपता संपता बाजूचा आंबाही वाळायला लागला. आईने माहेराहून, चांदीपहून, रोप आणून वाढवलेला आंबा. ती रोज विहिरीचं गोडं पाणी घालत राहिली. आंबा गेलाच.

आई बाबांना एका शब्दाने बोलली नाही. पण भाजी कितीही अळणी झाली, तरी बाबांनी मरेपर्यंत तिच्याकडे मीठ मागितलं नाही.