स्टोच्या तोंडी निवद

रिसोडात आमच्या गल्लीतला पयला पंपाचा स्टो आमच्या घरी आला, अन् पयले चार दिवस त्यानं चहा नाही देल्ला, नमस्कार तेवढे घेतले.

स्टो पायजे होता मायले. चुलीत फुकू-फुकू तिचे डोळे असे लाल झालते, का नवा पाहुना घरात आला म्हंजे हळूच इचारे, "वयनी, कोन गेलं?" बाबा जवारीच्या अडतीवर मापाडी होते. ते अकोल्याहून पितळेचा, तीन पायाचा, लगनातल्या कलशावानी चकचकीत स्टो घेऊन आले. आमची आत्या, म्हंजे बाबाची मोठी बहीन, आमच्यातच राहे. तिनं दुरूनच पाह्यलं.

"हा बाँब कायले आनला रे घरात?"

"आक्का, स्टो व्हय. पाच मिन्टात चहा होते."

"पाच मिन्टात चहा पिऊन तुले जाचं कुठं आहे?"

बाबा स्टोचं खोकं घडी करत बसले. शेवटी तोड निघाली. दुकानदारानं वापस घ्याचं कबूल केलं होतं, अन् शुक्रवारी बाबा अकोल्याले जानारच होते. तवरोक स्टो नीट चालला तं राह्यला, नाही तं आला तसा गेला. मायनं पदरानं स्टो पुसला, अन् फुकनी कोपऱ्यात उभी केली, तोंड भिताडाकडं करून.

आता आमच्या घरी नवी वस्तू पूजेबिगर वापरत नाहीत. सायकल आली, पूजा. घड्याळ आलं, पूजा. बाबाले चष्मा लागला तं आत्यानं त्याच्याही काचायले कुंकू लावलं, अन् बाबा दिवसभर लाल दुनिया पाहत हिंडले. पन स्टो आला तवा भटजी नेमके वाशीमले लगन लावाले गेलते.

"मंग या दिन्याले बसवा," आत्या म्हने. "रोज त्याइची नक्कल करते मेला. आज कामी येऊ दे."

मी नववीत होतो, अन् नकला हा माहा एकच विषय पक्का होता. पाटावर बसलो, नाकात गेलो. आमचे भटजी मंतर नाकातून म्हनत अन् डोळा नारळावर ठेवत. मी दोन्ही केलं.

"यजमाऽन, डोळे मिटा."

साऱ्याइनं मिटले. भटजीचा नेम असा का निवद तोंडी लावाव. पन स्टोचं तोंड कोन्तं? वरतं बर्नर होता, पन तो निरा भोकाभोकाचा. बाजूले टाकीचं पेचाचं झाकन दिसलं. मले हेच तोंड वाटलं. झाकन फिरवलं, अन् "मुखे समर्पयामि" म्हनत मूठभर अक्षता, हयद, कुंकू अन् वरून चिमटीभर साखर पोटात सोडली. झाकन लावलं. एवढी मनापासून पूजा म्या आजलोक देवाचीबी नाही केली.

मंग बाबानं घासलेट भरलं, वाटीत स्पिरिट जाळलं अन् पंप मारू लागले. मापाडी मानूस एक म्हनत नाही, लाभ म्हनते. बाबाले तेच वळन.

"लाभ हो लाभ... दोन हो दोन... तीन हो तीन..."

चाळीस झाले. स्टो म्हने, फुस्स. एक पिवळी जीभ बाहेर आली, बाबाची भिवई चाटून वापस आत गेली.

"हवा कमी पडली," बाबा म्हने. आनखी तीस मारले. स्टोनं उचकी देल्ली.

"आता जास्त झाली."

दुसऱ्या दिवशी ठरलं का निपलात कचरा असल. बाबानं पिन घातली. पिन आत गेली, जाळ आला, शिंक यायले जेवढा वेळ लागते तेवढा राह्यला अन् गेला. मंग बाबाले वाटलं का पंपाचा वायसर सुकला. त्याइनं तो काढून गोड्या तेलात भिजू घातला. आत्यानं इचारलं, "हे कायचं व्हय?" बाबा साधा मानूस. "चामड्याचं," म्हने. आत्यानं तिथूनच आपला पान्याचा तांब्या उचलला, अन् दोन दिवस सैपाकघरात पाय ठेवला नाही. तिले ओसरीवर ताट नेऊन देता देता माय दुहेरी थकली.

त्या दुपारी कोनी नाही पाहून म्या स्टो कानापाशी धरून हालवला. आतून खुळखुळ आवाज आला. माहा जीव त्या टाकीत गेला.

इमानदार पोट्टा असता तं तवाच बोलला असता. मी बाबाले म्हटलं, "बाबा, वायसरच असल."

बेस्तरवारी, म्हंजे अकोल्याले जाच्या आदल्या दिवशी, बाबानं रहीमचाचाले बोलावलं. वरातीत गॅसबत्त्या पेटवनारा मानूस. गॅसबत्ती अन् स्टो सख्खे भाऊच. त्यानं दोन पंप मारले, कान लावला, डॉक्टरवानी मान हालवली.

"तेल ऊपर चढून नाही राह्यलं, भाऊ. इसके पेट में कुछ है."

त्यानं बर्नर काढला, नळीले तोंड लावून ओढलं, अन् घोटभर घासलेट त्याच्या नाकातून बाहेर आलं. मंग चिडून सारा स्टो परातीत उलटा केला. लालपिवळं घासलेट वाह्यलं. त्याच्यामांगून टपटप, टपटप, कुंकवाच्या अक्षता.

रहीमचाचानं दोन दाने बोटावर घेतले.

"मापाडीभाऊ, स्टो के अंदर पुलाव कोनं शिजवला?"

मी आढ्याकडं पाहत होतो. तेवढ्यात आत्या, जी स्टोची मयत पाहाले दारात आलती, तिनं परातीत डोकावलं अन् हात जोडले.

"देवीनं अक्षता देल्ल्या रे! सोता देल्ल्या!"

कोनी काही बोलाच्या अगुदर तिनं परातीतलं कुंकू कपाळाले लावलं. (दिवसभर आत्याच्या कपाळाले कंदिलाचा वास येत होता.) गल्लीतल्या बाया दर्शनाले आल्या. रहीमचाचानं गपचिप टाकी धुतली, नळी साफ केली, नवं घासलेट भरून स्टो पेटवला. काय तो निळा जाळ अन् काय ती भरभर! माय पयत गेली, चहाचं पातेलं घेऊन आली. आत्यानं तिचा हात धरला.

"यशोदे, देवीच्या डोक्यावर पातेलं ठेवतं?"

झालं. स्टो देव्हाऱ्यात गेला. त्याले हार घातला. शुक्रवारी बाबाची मोटार स्टोबिगरच गेली, कारन देवी वापस घ्या असं दुकानदाराले कोन्या तोंडानं सांगाव? मायनं कोपऱ्यातली फुकनी उचलली, अन् डोळे पुसत पुसत चुलीपुढं बसली.

ते पाहून मातर मले राह्यवलं नाही. बाबा संध्याकाळी वापस आले तवा सगळ्याइसमोर म्हटलं, "बाबा, त्या अक्षता म्या टाकल्या. देवी-गिवी काही नाही."

बाबानं चष्म्यावरून पाह्यलं. "ही कोनाची नक्कल आहे?"

"कोनाचीच नाही. माहीच."

"नाही जमली. थोडी खरी वाटली पायजे."

"देवीची थट्टा करते मेला," आत्या म्हने.

पंदरा वर्साच्या नकलायचं पुन्य असं फळाले आलं! मायनं फुकनं थांबवलं. धुरातून तिनं माह्याकडं पाह्यलं, लय वेळ. मंग आत्याले म्हने,

"आक्काबाई, आपन महालक्ष्म्या बसवतो, तं तिसऱ्या दिवशी त्याइले लावून देतो. इले येऊन चार दिवस झाले. जाऊ नाही देल्लं तं कोपन नाही का?"

आत्याचं तोंड उतरलं. "मंग आता?"

"आता काय, देवी लावून द्याची. भांडं राहीन मांगं, आपलं वापराले."

"पन भटजी तं अजून वाशीमले."

"हा आहे ना," माय म्हने, अन् माह्याकडं बोट केलं.

मी पुना पाटावर बसलो, नाकात गेलो. "यजमाऽन, डोळे मिटा." आत्यानं मिटले. बाबानं मिटले. मी अक्षतांची मूठ भरली, हात वर केला, अन् पाह्यलं तं मायचे डोळे सताड उघडे. एका हातानं तिनं टाकीचं झाकन घट्ट दाबून धरलं होतं. दुसऱ्या हातानं माहा कान.

"पुनरागमनाय च" हे शब्द त्या दिवशी भटजीच्या आवाजात निंगालेच नाहीत. ते निंगाले माह्या सोताच्या आवाजात, कान पिरगळल्यावर निंगते त्या. आत्यानं डोळे मिटूनच मान डोलावली. "ही नक्कल मातर," म्हने, "अगदी खरी वाटते बाप्पा."