उजव्या हाताची मूठ

आमच्याकडे स्वतःचं शेत नव्हतं. आरमोरीच्या आसपास लोकांच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, धान कापायला आई बायांच्या टोळीसोबत जायची, आणि शाळेला सुट्टी असली की मीही. कापणीला बाया एका ओळीत खाली बसून पुढे सरकतात. सगळ्यांचा विळा उजव्या हातात, धानाची मूठ डाव्यात. मी डावखुरी. माझा विळा उलट्या बाजूनं फिरायचा. त्यात विळ्याचे दातेसुद्धा उजव्या हाताच्या हिशोबानं पाडलेले. डाव्या हातानं ओढला की धान कापलं कमी जायचं, ओरबाडलं जास्त.

एका सकाळी माझ्या विळ्यानं शेजारच्या बाईचं बोट चिरलं. टोळीच्या मुख्य बाईनं आईला आणि मला बांधीतून उठवलं.

"हे डेबरी पोरगी आनू नोको व. आनाची असन तं तिचा हात सुधरवून आन."

त्या हंगामात त्या टोळीनं आईला परत बोलावलं नाही. घरात कण्या शिजायच्या, त्याही एकाच वेळेला. आईनं लुगड्याची चिंधी घेतली आणि माझा डावा हात कमरेशी बांधून टाकला. पंधरा दिवसांत मी उजव्या हातानं कापायला शिकले. मग लिहायला, मग जेवायला. डावखुरी असण्याचा अर्थ मला तेव्हा एवढाच कळला होता, की आपल्यामुळे घरचा चुलीवरचा भात जातो. पुढे ते मी कुणाला सांगितलं नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. याचा मला अभिमान होता आणि आहे. बी.ए. झाले, चंद्रपूरला सरकारी कार्यालयात लिपिक म्हणून लागले. कॉलेजात एनसीसीच्या रायफलीनं नेमबाजीचा नाद लावला होता, म्हणून इथल्या एका रेंजवर जायला लागले. रायफल खांद्याला टेकते, एक डोळा मिटता येतो. तिथं माझं निभलं. पिस्तूल मात्र एका हातानं, हात लांब करून, दोन्ही डोळे उघडे ठेवून चालवायचं असतं.

आमच्या भागात स्वतःच्या नावावर हत्यार घ्यायचं म्हटलं की चौकशांना अंत नाही. हत्यार क्लबचंच असतं. त्या वर्षी क्लबनं पंचवीस मीटरच्या स्पर्धेसाठी पॉइंट टू-टू बोअरचं नवं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल मागवायचं ठरवलं. संघात बायकांची एकच जागा रिकामी होती आणि तिच्यासाठी मला तयार करायचं होतं. म्हणून पिस्तूल मीच निवडावं, असं प्रशिक्षक मॅडम म्हणाल्या.

"दिसण्यावर जाऊ नकोस. वजन कुठे येतं ते बघ, ट्रिगर बघ. आणि मूठ. लाकडी मूठ हाताच्या घडणीची असते, उजव्याची डाव्याला चालत नाही. तुझा हात कोणता?"

"उजवा," मी म्हणाले. प्रश्न पुरता संपलाही नव्हता.

नमुन्याची तीन पिस्तुलं टेबलावर होती. मी पुढून जड असलेलं, काळंभोर, सगळ्यांत ऐटदार ते उचललं. हत्यारखोली सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे भाऊच म्हणत; ते बाजूला उभे होते. पिस्तुलं साफ करणं, तेल देणं, किल्ली ठेवणं हे त्यांचं काम.

"बाई, एक डाव डेबऱ्या हातात घेऊन पाहा न," ते हळूच म्हणाले. "गोळी टेबलावरून घरंगळली का तुमी त्याच हातानं झेलता. मी पाहून राह्यलो."

माझे कान तापले. चार जण ऐकत होते.

"भाऊ, तुम्ही कितवी शिकले?"

"चवथी."

"मी ग्रॅज्युएट आहे. मला समजतं."

दोघंतिघं हसले. "बरं बाई," म्हणून भाऊ फडक्यानं नळी पुसायला लागले.

पिस्तूल आलं. सावकाश नेमाच्या फैरी बऱ्या पडत. पण तीन सेकंदांत हात वर नेऊन गोळी सोडायची वेळ आली की सगळं विस्कटायचं. निवड चाचणी दोन महिन्यांवर आली होती. दोष माझा असेल हे मनात येऊच दिलं नाही. पिस्तुलाची नेम धरायची साइट कुणीतरी हलवली, आणि खोलीची किल्ली एकाकडेच, असं मी ठरवून टाकलं.

अर्ज मला चांगला लिहिता येतो. गावातल्या अर्ध्या लोकांचे अर्ज मीच लिहायचे. समितीला पानभर लिहिलं. त्यात 'हेतुपुरस्सर' हा शब्द घातला, आणि तो घालताना मला बरं वाटलं. आठवड्याभरात भाऊंची किल्ली काढून घेतली आणि त्यांना उन्हात लक्ष्याचे कागद बदलायला लावलं.

त्यानंतर मॅडमनी माझं पिस्तूल स्वतः चालवलं. दहाच्या दहा गोळ्या काळ्या वर्तुळाच्या मध्यात. पिस्तूल टेबलावर ठेवून त्या मला म्हणाल्या, "दोन्ही डोळे उघडे ठेव, अंगठा त्या खांबावर धर. आता डावा डोळा मीट."

अंगठा खांबावरून बाजूला सरकला.

"तुझा नेम डावा डोळा धरतो. डावखुरी आहेस का गं?"

"नाही, मॅडम."

समोर भाऊ कागद लावत होते. त्यांनी ऐकलं, वळून पाहिलं नाही. अर्जापेक्षा मला या 'नाही'ची लाज जास्त वाटते. अर्ज मी रागात लिहिला होता. हे मात्र सगळं कळत असून बोलले.

पिस्तूल घरी आणता येत नाही, म्हणून मी पाण्यानं भरलेली बाटली हात लांब करून धरायचे. त्या रविवारी आई गावाहून आली होती. तांदूळ निवडता निवडता ती माझा थरथरणारा हात बघत होती.

"उजव्यानं काऊन धरतं? तुह्या डेबऱ्या हातात जोर हाये."

"तूच तर बांधला होता."

"धान कापासाठी बांधला होता व माय. हे का धान हाये?"

मी बाटली डाव्या हातात घेतली. हात थांबला. आई तांदूळ निवडत राहिली.

सोमवारी समितीला दुसरा अर्ज दिला. तीनच ओळींचा, पण लिहायला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला. मग लक्ष्यांकडे गेले.

"भाऊ, माझं चुकलं. मी डावखुरी आहे."

"मले मालूम होतं."

"मग समितीपुढं काऊन नाई सांगितलं?"

"चवथीवाल्याचं कोन आयकते, बाई? तुमचा कागद जबरदस्त होता म्हनतेत." ते एक कागद चिकटवून दुसऱ्याकडे वळले. "अंदर एक जुनं पिस्तूल हाये. त्याची मूठ सपाट हाये, दोन्ही हाताले चालते. हलकं हाये म्हनून कोनी घेत नाई. किल्ली माह्यापाशी नाई आता. तुमीच मांगा."

मी ते मागून घेतलं. रंग उडालेलं, नळीजवळ घासलेलं. नवं पिस्तूल दुसऱ्या मुलीला गेलं. भाऊंना किल्ली परत द्या, असं मी समितीला दोनदा सांगितलं. "बघू," म्हणाले. अजून बघतच आहेत; भाऊ अजून कागदच बदलतात. मी रेंजवर गेले की मला आधी 'रामराम बाई' म्हणतात, आणि दर वेळी माझी मान खाली जाते.

निवड चाचणी मी त्या जुन्या पिस्तुलानं, डाव्या हातानं दिली. संघातली जागा मला मिळाली, आणि त्याच वर्षी राज्य स्पर्धेत राष्ट्रीय स्पर्धेसाठी लागणारे गुण मी पूर्ण केले.