माप तिचं, काप त्याचा

दुपारचे चार वाजले की फ्रेमवालीचा नवरा कानांत फोनची ती दोन पांढरी बोंडं घालायचा आणि तासभर दुकानातून नाहीसा व्हायचा. म्हणजे देहानं तिथंच असायचा. करवतीच्या टेबलाशी उभा, मिशीवर लाकडाचा भुसा, हात कामात. पण मधूनच भिंतीकडे बघून बोलायचा आणि हसायचा. हसायचा तेही कसं, तर मान मागे टाकून, सगळे दात दाखवून. फ्रेमवाली समोरच्या टेबलावर काच पुसत ते हसू बघायची. ते तिच्या ओळखीचं होतं. पूर्वी ते तिचंच होतं.

लग्नाआधी ती काचेच्या दुकानात काउंटरवर होती. हा फ्रेमा करायचा आणि काच घ्यायला तिथं यायचा. दर वेळी माप चुकवून यायचा; कधी काच बोटभर मोठी, कधी बोटभर लहान. तिसऱ्या खेपेला ती म्हणाली होती, "तुम्हाला साधं माप घेता येत नाही, मग हा धंदा कशाला करता?" तो म्हणाला, "म्हणून तर माप घेणारी शोधतोय." पुढं त्या दोघांनी दुकान काढलं तेव्हा पहिल्याच दिवशी नियम ठरला, माप तिचं, काप त्याचा. ती चित्र मोजायची, पट्टीच्या पाठीवर पेन्सिलीनं आकडे लिहायची आणि तो ते आकडे बघून पट्टी करवतीखाली घालायचा. पुन्हा मोजायची सवय त्यानं लावूनच घेतली नाही. बावीस वर्षांत एक चौकट चुकली नव्हती.

दोन टेबलांच्या मधल्या फळीवर रेडिओ होता. दुपारी बारापर्यंत तिची गाणी, बारानंतर त्याची. तिला संथ, रडवेली गाणी लागायची. त्याला ठेका लागायचा. एक गाणं मात्र दोघांचं होतं, होडीतलं. वारा पडला म्हणून होडी मधेच थांबते आणि त्यातली माणसं खूश होतात, असं काहीतरी. ते लागलं की कुणाचीही वेळ असो, आवाज वाढायचा. दुसऱ्या कडव्यात ती दर वेळी शब्द चुकायची आणि तो दर वेळी म्हणायचा, "कवीला कळवून टाक, बदल केलाय म्हणून."

आणि राजकारण! ती सत्तेतल्या पक्षाची, तो विरोधातल्यांचा. मतदानाला एकाच रांगेत उभे राहायचे आणि एकमेकांचं मत फुकट घालवून हसत परत यायचे. दुकानात तर रोजच जुंपायची. त्याच्या पक्षानं बायकांना बसप्रवास फुकट करायचं वचन दिलं, तेव्हा ती काचेवर रेघ मारता मारता म्हणाली होती, "न येणारी बस फुकट असली काय नि विकतची असली काय, थांब्यावर पाय तेवढेच दुखतात. फुकट नको, वेळेवर सोडा म्हणावं."

"तुझं बघणं थांब्यापुरतंच," तो म्हणाला होता. "जरा मोठा विचार करावा माणसानं."

"मोठा विचार करणारे थांब्यावर उभे राहत नाहीत, म्हणून सुचतो त्यांना."

एक गिऱ्हाईक तर आपली फ्रेम बांधून हातात मिळाल्यावरही अर्धा तास बसून राहिलं होतं, कोण जिंकतंय ते बघायला.

मग लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली आणि जाताना बापाच्या फोनवर काहीतरी बसवून गेली. "बाबांना करमणूक," म्हणाली. आईला काय करमणूक, ते तिला सुचलं नसावं. त्या फोनमध्ये रोज दुपारी चारला माणसं जमायची. ना चेहरा, ना नाव, नुसते आवाज. मंडळाचं नाव होतं 'एक गाणं, एक भांडण'. आधी कुणीतरी आपलं आवडतं गाणं लावायचं, मग तासभर राजकारणावर वाद. ह्यानं तिथं स्वतःचं नाव ठेवलं होतं 'काचेमागचा'.

सुरुवातीला फ्रेमवालीला बरंच वाटलं. जरा शांतता. पण चार महिन्यांत तिच्या लक्षात आलं की नवरा भांडण सगळं तिकडेच संपवून येतो. पाच वाजता बोंडं काढली की पोट भरलेल्या माणसासारखा गप्प. तिनं मुद्दाम त्याच्या पुढाऱ्याला नावं ठेवून बघितली. "हं," म्हणाला. हं! बावीस वर्षांत तिनं कधी 'हं' ऐकलं नव्हतं.

खरी ठिणगी टाकली शेजारच्या इस्त्रीवालीनं. तिचं दुकान भिंतीपलीकडे, आणि भिंत म्हणजे नुसती फळ्यांची. एका संध्याकाळी ती कंबरेवर हात ठेवून दारात आली.

"काय गं, तुझा नवरा काय बोलतो! त्याचं ते मंडळ मी इस्त्री करता करता रोज माझ्या फोनवर ऐकते. काल इतकी हसले की एका शर्टाची कॉलर पिवळी झाली."

"माझा नवरा?"

"मग कुणाचा? आवाज ओळखत नाही का मी? तुझ्या घरी तर रोज जत्राच असेल बाई."

"असते ना," फ्रेमवाली म्हणाली आणि आधीच पुसलेली काच पुन्हा पुसायला लागली.

"आणि त्या मास्तरीणबाईंशी काय रंगतं त्याचं! निवृत्त आहेत म्हणे. आवाज कसा, चिनीमातीच्या बशीवर चमचा वाजावा तसा. त्या तुझ्याच पक्षाच्या, बरं का. काल त्या काय म्हणाल्या, फुकट बस नको, वेळेवर बस हवी. न आलेल्या बसचं तिकीट कुणी मागत नाही, म्हणाल्या. तुझा नवरा म्हणाला, 'वा बाई! हा मुद्दा माझ्या कधी डोक्यातच आला नाही.'"

फ्रेमवालीच्या हातातला फडका थांबला.

"असं म्हणाला?"

"दोनदा."

पिकतं तिथं विकत नाही हे तिला माहीत होतं. पण आपलंच पीक दुसरीच्या टोपलीत बघून आपल्याच माणसानं 'वा' म्हणावं? त्या रात्री जेवताना ती एवढंच म्हणाली, "बसचं काय झालं हो तुमच्या?" तो म्हणाला, "कुठली बस?" तिनं त्याला दुसऱ्यांदा वाढलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती फळ्यांच्या भिंतीला टेकून काम करायला लागली. पलीकडे इस्त्रीवालीचा फोन मोठ्यानं चालू असायचा. त्यामुळे नवऱ्याचं प्रत्येक वाक्य तिला दोनदा ऐकू यायचं. एकदा समोरून, आणि क्षणभरानं भिंतीतून. भिंतीतला नवरा जास्त हुशार वाटायचा. मास्तरीणबाई त्याला 'काचेमागचे' म्हणून बहुवचनात हाका मारायच्या. तिसऱ्या दिवशी गाण्याची पाळी त्याची आली. त्यानं होडीचं गाणं लावलं. गाणं संपल्यावर मास्तरीणबाई म्हणाल्या, "अगदी माझ्या मनातलं! दुसरं कडवं तर मला तोंडपाठ आहे." आणि त्यांनी ते म्हणून दाखवलं. एकही शब्द चुकला नाही.

तिला वाटलं, आता तरी तो म्हणेल की आमची ही चुकते. नाही म्हणाला.

आठवड्यानं कुरिअरवाल्यानं कागदी नळकांडं आणून दिलं. त्यात शाळेतला मोठा फोटो होता. मुलांच्या पाच रांगा आणि मधोमध खुर्चीवर चष्मा लावलेली, पांढऱ्या केसांची, ताठ बसलेली बाई. सोबत मास्तरीणबाईंची चिठ्ठी; दुकानाचा पत्ता नवऱ्यानंच त्यांना मंडळात सांगितला होता. नवऱ्याचे हात गोंदानं भरले होते म्हणून फ्रेमवालीनंच ती मोठ्यानं वाचली. 'निरोपाच्या दिवशीचा फोटो आहे. तुमच्या हाताला आवडेल ती चौकट करावी. तुमच्यासारखा ऐकून घेणारा माणूस विरळा.'

"ऐकून घेणारा!" ती म्हणाली. "कुणाला पाठवायची चिठ्ठी चुकून इकडे आली वाटतं."

तो हसला नाही. वरच्या फळीकडे बघत होता. "आपली ती अक्रोडाची पट्टी आहे ना? ती लावू या. शोभेल."

अक्रोडाची सात फुटांची ती पट्टी अकरा वर्षं वर ठेवलेली होती. एका मोठ्या कामातून उरलेली. गडद, आत पाण्यासारख्या रेघा. तेव्हा तोच म्हणाला होता, "ही आपल्या फोटोला." आपला फोटो म्हणजे दुकान उघडल्या दिवशीचा. दुकानावर पाटीसुद्धा नव्हती आणि बंद दारापुढे दोघं उभी. ती कॅमेऱ्याकडे बघतेय. तो तिच्याकडे बघून हसतोय, मान मागे टाकून, सगळे दात दाखवून. हजारो लोकांचे फोटो भिंतीवर चढवणाऱ्या माणसांचा स्वतःचा एकुलता फोटो काचेच्या खणात पुठ्ठ्याखाली पडून होता. आधी गिऱ्हाइकांचं, मग आपलं, असं करता करता बावीस वर्षं गेली होती.

"ती आपल्या फोटोची आहे," ती म्हणाली.

"आपलं काय, केव्हाही करू. कुठं पळतोय फोटो? तू माप लिहून ठेव." आणि चार वाजले होते म्हणून त्यानं हात पुसून बोंडं कानांत घातली.

फ्रेमवालीनं स्टूल घेतलं, पट्टी खाली काढली, फडक्यानं पुसली. टेबलावर मास्तरीणबाई पाच रांगा घेऊन बसल्या होत्या, बारा बाय अठरा. मोजायचीही गरज नव्हती. नुसत्या नजरेनं तिला माप कळायचं. तिनं पेन्सिलीला टोक काढलं. भिंतीतून नवरा म्हणत होता, "बाई, तुमच्यापुढं आम्ही हरलो, कबूल!" आणि क्षणभर आधी समोरूनही तेच म्हणाला होता.

तिनं पट्टीच्या पाठीवर लिहिलं, दहा बाय बारा. आकडे ठसठशीत काढले. खाली रेघ मारली.

करवत चालू झाली. चार तिरके काप पडले. तिचा हात दोनदा पुढं झाला, आणि दोनदा मागे आला. लाकूड एकदा कापलं की कापलं. उरलेला तुकडा त्या पाच रांगांच्या दोन बाजूंनाही पुरला नसता, हे तिला ठाऊक होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं खोटं माप लिहिलं होतं, आणि तो बघतसुद्धा नव्हता. कोपरे गोंदानं जोडले, पकडीत आवळले, आणि त्यानं ती चौकट मास्तरीणबाईंच्या फोटोवर ठेवली. डावीउजवीकडची मुलं बाहेर राहिली. वरची अख्खी रांग बाहेर राहिली.

त्यानं एक बोंड काढलं. मग दुसरं.

"माप चुकलं."

"चुकलं नाही."

"अगं, हे बघ की. दहा बाय..." तो थांबला. चौकटीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. टेबलावरच्या फोनमधून बारीक आवाज येत राहिले; कुणीतरी 'काचेमागचे, ऐकताय ना?' म्हणत होतं.

"बसचा मुद्दा माझा होता," ती म्हणाली. "दहा वर्षं बोलतेय मी. तेव्हा मी थांब्यापुरतं बघते. ती बोलली की वा! तिला कडवं पाठ आहे म्हणून तिला आपलं गाणं, आणि आता आपली पट्टीही तिलाच. मी काय फक्त आकडे लिहायला आहे का?"

"बसचा? तू कधी..." त्यानं डोकं खाजवलं. मिशीवरचा भुसा खाली पडला. "म्हणाली होतीस. काच कापत होतीस."

"मग?"

"तू बोललीस की ते घरचं बोलणं वाटतं. मुद्दा वाटत नाही."

"मग मीपण फोनमध्ये जाऊन बसते. नाव ठेवते 'काचेसमोरची'."

तो खणाशी गेला, पुठ्ठ्याखाली हात घालून फोटो काढला आणि चौकटीखाली सरकवला. केसभर फट नव्हती. बराच वेळ तो तिथं वाकून उभा राहिला.

"मी काय म्हटलं होतं तेव्हा?" तिनं विचारलं. "एवढे हसताय ते?"

"आठवत नाही तुला? फोटोवाला म्हणाला, पाटी नाही तर दुकान कशाचं कळणार? तू म्हणालीस, यांच्या गळ्यात चौकट अडकवा, तशीही आजपासून अडकलीच आहे." तो हसला, पण जरासंच, ओठ मिटून.

ती मात्र हसली नाही. एवढ्यावर भागणार नव्हतं.

मास्तरीणबाईंना त्यानं साध्या काळ्या पट्टीची चौकट केली. माप तिनंच लिहिलं, बारा बाय अठरा, सूतभरही इकडचं तिकडं नाही. धंद्यात एकदा खोटं लिहिलं तेवढं पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी चारला ती भिंतीला टेकूनच बसली होती. अक्रोडाची चौकट रेडिओच्या वर लागली होती. नवरा समोरून बोलत होता, आणि मागून भिंतीतूनही. "त्या दिवशीच्या बसबद्दल थोडं सांगायचंय. हा मुद्दा आमच्या घरात फार जुना आहे. आमची ही दहा वर्षं म्हणतेय, न येणारी बस फुकट असली काय नि विकतची असली काय, थांब्यावर पाय तेवढेच दुखतात. मीच ऐकलं नव्हतं."

पलीकडे इस्त्रीवालीनं फळीवर थाप मारली. "ऐकलंस का गं?"

फ्रेमवालीनं हातातला फडका मांडीवर ठेवला. तेवढ्यात चिनीमातीच्या बशीवर चमचा वाजला. "अगदी बरोबर! मीसुद्धा कायम हेच म्हणत आले आहे. आणि काचेमागचे, आमच्या चौकटीचं कुठवर आलं?"

"हेच म्हणे!" फ्रेमवाली उठली. फडका टेबलावर आपटला, दोन पावलांत करवतीशी गेली. "सरका."

"अगं, चालू आहे ते."

"चालू आहे म्हणूनच." तिनं त्याच्या कानातलं बोंड काढून आपल्या कानात घातलं, फोन तोंडाशी धरला आणि गिऱ्हाइकाशी बोलायच्या आवाजात, अगदी गोड, म्हणाली, "नमस्कार बाई. फ्रेमवाली बोलतेय. तुमची चौकट तयार आहे. साध्या पट्टीत केलीय. अक्रोड संपलं."