कडीने उघडलेली फाईल

आमच्या खेळण्यांच्या कारखान्यात तिला सगळे कडी म्हणतात. पाठीमागे नव्हे, तोंडावर. तिला ते आवडतं. ऑफिसातल्या सगळ्या संगणकांची सुरक्षा तिच्याकडे. कोणाला कोणती फाईल दिसावी, कोणती ईमेल अडवावी, ती ठरवते. मालकांनी स्वतःची जन्मतारीख पासवर्ड म्हणून ठेवली, तेव्हा तिने त्यांचाच संगणक बंद केला. मालक दुपारपर्यंत कॅन्टीनमध्ये बसून होते.

मला तिने नोकरी दिली ती मी साहित्य शिकले म्हणून. दर महिन्याला ती कर्मचाऱ्यांना खोट्या ईमेल पाठवते. कोण फसतं ते बघायला. त्या मी लिहिते.

"माणूस कशाला भुलतो ते तुला ठाऊक," ती म्हणाली होती. "लिही."

पदवीचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. आईला अजून सांगितलेलं नाही.

कडीचं वय चाळिशीच्या पुढे. लग्न नाही. जीव मात्र जडलेला. पॅकिंगच्या प्रमुखांवर, म्हणजे आमच्या पुठ्ठेवाल्यांवर. बाकीच्यांच्या संगणकावरचं काम ती चहा निवायच्या आत उरकते. त्यांच्या संगणकावर तिचं काम संपतच नसे. आणि आता येत्या शनिवारी ते दुसऱ्या शहरातल्या नव्या गोदामावर निघाले होते. कायमचे.

"ताई, बोला ना त्यांच्याशी."

"तो बोलला तर बघू. आपण होऊन दार उघडायचं नाही."

"तो नियम संगणकाचा आहे."

"सगळ्याचाच आहे."

गुरुवारी सगळ्या ऑफिससाठी तिचा सुरक्षेचा मासिक वर्ग होता. तिने पडद्यावर एक ईमेल लावली. आमच्या सॉफ्टवेअरने सकाळीच अडवलेली, ताजी. कडी खुशीत होती.

"बघा, चोर कसा लिहितो. पत्ता अनोळखी. नाव नाही. भाषा गोड. 'आदरणीय मॅडम, बरेच दिवस मनात आहे. सोबतची फाईल कृपया उघडावी.' आणि ही घाई! 'उद्यापर्यंत उत्तर द्यावे, नाहीतर फार उशीर होईल.'"

सगळे हसले. हिशेबनीस सर्वांत मोठ्याने.

"मॅडम, याचं कुठेच जमत नसणार!"

"खरा असता तर समोर येऊन बोलला असता," कडी म्हणाली.

मागे खुर्ची सरकली. पुठ्ठेवाले उभे होते. कान लालभडक.

"समोरच आहे," ते म्हणाले. "ऑफिसच्या ईमेलवरून खाजगी लिहायचं नाही, हा तुमचाच नियम. म्हणून घरच्या पत्त्यावरून पाठवली."

कोणी हसेना. कडीने माझ्याकडे बघितलं.

"ही तू लिहिलीस?"

"नाही, ताई. मला इतकं चांगलं जमत नाही."

तिने माउस फाईलवर नेला. पण कडी ती कडीच.

"दुसरा पुरावा लागेल," ती म्हणाली.

तिने त्यांच्या फोनवर कोड पाठवला. ते मोठ्याने वाचू लागले. अडखळले. पुन्हा पहिल्यापासून.

"सावकाश!" हिशेबनीस ओरडले. "आम्ही आहोत!"

कोड जुळला. फाईल उघडली. आत एक फोटो. त्यांची आई आणि आत्या, दोघींनी मिळून खोक्याचा भला मोठा पुठ्ठा धरलेला. वर काळ्या रंगात लिहिलेलं: "बाई, याच्याशी लग्नाला हो म्हण. हा रोज तुझंच सांगतो. आम्ही कंटाळलो."

मग जो गोंधळ झाला तो मला लिहिता येत नाही. मालक टेबल बडवत होते.

"उत्तर! उत्तर!"

"सगळ्यांसमोर नाही," कडी म्हणाली. "गोपनीय आहे."

ती सर्व्हरच्या खोलीकडे निघाली. तिथे ती मालकांनाही सहज जाऊ देत नाही. कार्ड लावून तिने दार उघडलं आणि मागे बघितलं.

"या ना. हे दार फार वेळ उघडं ठेवता येत नाही."

पुठ्ठेवाले फोन टेबलावर टाकून धावले. वाटेत दोन खुर्च्या पाडल्या. दार लागलं. आम्ही सगळे दाराला कान लावून. आत नुसती पंख्यांची घरघर. मग कडीचं हसू आलं. मोठं, मोकळं. मी ते कधी ऐकलंच नव्हतं.

"गोदामासाठी दुसरा माणूस बघा," मालक हिशेबनिसांना म्हणाले.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. आत्यांचा. मी उचलला आणि परत दाराशी आले.

"कोण गं तू? तिने वाचलं का?"

"सगळ्या ऑफिसने वाचलं."

"अगं बाई! मग?"

"दोघं आत आहेत. दार लावलंय. आम्ही बाहेर कान लावून."

"मग तू दाराशी काय करतेस? हो बाजूला!"

हिशेबनिसांच्या पायावर पाय देत मी बाजूला झाले.