धाकटीचा नवरा वाचला

माझी धाकटी जाऊ देखणी नव्हती, शिकलेली नव्हती, भाकरीही जाडच थापायची. हेवा करावा असं तिच्यात काही नव्हतं. पण तिचा नवरा वाचला आणि माझा गेला.

सरकारनं तेव्हा गरीब कुटुंबांचा विमा एका कंपनीकडून उतरवला होता. मुडशिंगीत आमच्या दोन्ही घरांना कार्डं मिळाली होती. आमच्या ह्यांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा कोल्हापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून दुखतंय? हे म्हणाले, "जल्मापास्नंच की." दुखत होतं जेमतेम महिनाभर. पण ते बोलणं तसंच केसपेपरवर उतरलं. कंपनीनं कळवलं, आजार विम्याच्या आधीचा आहे, ऑपरेशन मंजूर नाही. साहेब लोक म्हणतात म्हटल्यावर आम्ही गप्प बसलो. त्याच उन्हाळ्यात हे गेले.

पुढच्या वर्षी दिराचं तसंच झालं. तोही तेच बोलला आणि कंपनीनंही तेच कळवलं. जाऊ मात्र मला सोबत घेऊन लोकशाही दिनाला कलेक्टर कचेरीत गेली. कंपनीच्या माणसाला सगळ्यांसमोर म्हणाली, "आमच्यात समदं जल्मापास्नंच दुखतं, साहेब. बोलायची रीत हाय ती. तेवढ्यावरनं माणूस मारताय व्हय? थोरल्या दिराला असंच मारलंसा."

माझ्या नवऱ्याचं गाऱ्हाणं तिनं मांडलं आणि मी शेजारी पदर चावत उभी. मला रडू आलं नाही, तिचा राग आला.

कलेक्टरांनी कंपनीला धारेवर धरलं. दिराचं ऑपरेशन झालं. नाकारलेली जुनी प्रकरणंही पुन्हा तपासायचा हुकूम निघाला. गाव तिला वाघीण म्हणायला लागलं. सकाळी दीर अंगणात नुसता खाकरला तरी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

काही महिन्यांनी कंपनीचा साहेब माझ्या दारात आला. तुमचं प्रकरण आम्ही चुकीचं नाकारलं, आता मंजूर करतो, पेशंटला बोलवा, म्हणाला. जाऊ आणि दीर तिथंच होते. दिरानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"हेच ना तुमचे मिस्टर?" साहेबानं मला विचारलं. "तब्येत बरी दिसते."

नाही म्हणायला माझी जीभ उचलेना. दोघा भावांची उंची सारखी, उभं राहायची ढबही तीच. मला होय म्हणायचं होतं.

जाऊ उठली आणि तिनं दिराचा दंड धरला.

"ह्यो माझा मालक हाय," ती म्हणाली. "अक्काचा तुम्ही ठिवला न्हाईसा."

मी साहेबाकडं पाहिलंसुद्धा नाही. मी बघत होते दिराच्या दंडावरचा तिचा हात.